आमची वाटचाल: आधी ओळख, मग जोडणी

आज आम्ही जुनी प्लास्टिकची मॉडेल विमानं दुरुस्त करतो. आधी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवायचं, जॉबवर्क चालायचं. दोन मशीन, एक ग्राइंडर. बाटल्यांची झाकणं आणि इलेक्ट्रिक फिटिंगचे पार्ट. मॉडेल विमानांशी संबंध आला तो नाशिकजवळच्या ओझरमुळे. 1964 मध्ये तिथे एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना उभा राहिला, मिग-21 तिथे बनली, आणि नाशिकच्या कितीतरी घरांत विमानाचं वेड शिरलं. कुणाच्या शोकेसमध्ये वडिलांनी जोडलेलं किट आहे, कुणाच्या माळ्यावर एनसीसी एअर विंगच्या दिवसांतलं कंट्रोल लाइनचं, म्हणजे तारांनी धरून गोल उडवायचं, इंजिनाचं विमान.

कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका असंच एक मॉडेल घेऊन आले. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाला, बारीक तडा होता. "तुम्ही प्लास्टिकवाले, तुम्हाला जमेल," म्हणाले. ॲक्रिलिक जोडायला वापरतो तो एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड, प्लास्टिक विरघळवणारा द्रव) मी ब्रशने लावला. बघता बघता पारदर्शक कॅनॉपी दुधाळ झाली, तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पसरलं. ते ॲक्रिलिक नव्हतंच, पॉलिस्टायरीन होतं. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आम्ही पत्र्याचा ग्रेड बघितल्याशिवाय रिव्हेट मारत नव्हतो." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्या टेबलावर दोन ग्लास असतात: एकात साधं पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं पाणी. दोन्हींत भांड्यांच्या साबणाचा एकेक थेंब, नाहीतर बुडबुडे चिकटून तुकडा उगाच तरंगतो. मॉडेलच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून नखाएवढी कातळी काढायची. साध्या पाण्यात तरंगली तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर नेहमीचा गोंद धरतच नाही. साध्यात बुडून मिठाच्या पाण्यात तरंगली तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, पण नायलॉन आणि ॲक्रिलिकही तसंच वागतं, म्हणून पुढे ॲसिटोनचा थेंब टाकून बघतो. दोन्हींत बुडाली तर सेल्युलोज ॲसिटेटची शंका घ्यायची. जाळून वास घेण्याची पद्धत आम्ही बंद केली, कारण तुकडा जुन्या सेल्युलॉइडचा निघाला तर भडका उडतो.

ही सगळी नोंदवही माझी बहीण सांभाळते. ती रसायनशास्त्राची पदवीधर. तिच्या सहीशिवाय मी ब्रश उचलत नाही.

जोडणीचं निम्मं शिक्षण त्याच काकांकडून मिळालं. तडा जिथे संपतो तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. खऱ्या विमानाच्या पत्र्यावरही हेच करतात. मग त्याच जातीच्या प्लास्टिकच्या रनरचे (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे सॉल्व्हंटमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरायची आणि किमान दोन दिवस हात लावायचा नाही. घाईने घासलं की ती सुकताना खाली बसते आणि खड्डा राहतो.

कंट्रोल लाइनच्या विमानांचे नायलॉनचे प्रोपेलर वाळून ठिसूळ होतात. ते पाण्यात उकळले की ओल परत येते आणि चिवटपणाही. मात्र चिरलेला प्रोपेलर आम्ही कधीच जोडून देत नाही. इंजिनावर तो सुटला तर डोळा जाईल. या बाबतीत गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

सध्या टेबलावर गंगापूर रोडच्या एका संग्राहकाचं फ्रॉग पेंग्विन, म्हणजे एक जुनं ब्रिटिश प्लास्टिक किट, आहे. ही 1:72 मापाची किटं 1936 पासून सेल्युलोज ॲसिटेटमध्ये निघाली. पंखाचं टोक वर वळलंय आणि खोकं उघडताच व्हिनेगरचा वास येतो. म्हणजे प्लास्टिक आतूनच विघटित होतंय. ते मागे फिरवता येत नाही, फक्त लांबवता येतं. आम्ही पंख सरळ केला नाही, जोडलाही नाही. बाकी मॉडेलपासून दूर, थंड कोपऱ्यात, हवा खेळेल अशा भोकांच्या खोक्यात ठेवलंय. पावसाळ्यात नाशिकची दमट हवा त्याला सोसणार नाही, म्हणून शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. बहीण दर सोमवारी वास घेऊन वहीत एक ओळ लिहिते.