भाऊंचा वॉर्ड महिला झाला

लालबागला एका गाळ्यात फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे मी डिझाईनचं काम करते, सतरा वर्षं झाली. नाक्यानाक्यावर हात जोडून उभे असलेले जे भाऊ, दादा, साहेब तुम्हाला दिसतात ना, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गालावरचे डाग मी काढलेत. डबल चिन पण.

तर ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. त्या दिवशी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात महापालिकेच्या वॉर्डांची आरक्षण सोडत होती. मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळे इच्छुक साडेतीन वर्षं नुसते दहीहंडी, गणपती, दिवाळीच्या शुभेच्छा लावून लावून थकलेले, आमचा धंदा मात्र मस्त चाललेला. काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सकाळीच टीव्ही लावून ठेवला. एकूण २२७ वॉर्ड, त्यातले निम्मे बायकांना, निम्मे म्हणजे होतात साडेएकशे तेरा, आता अर्धी बाई कुठून आणणार म्हणून ११४.

दुपारपासून फोन सुरू. पहिलाच फोन, "ताई, वाचलो! ओपन राहिला आपला. वीस बाय दहा टाक उद्या." वाचलो म्हणे.

काका चहा ओतत म्हणाले, आरक्षण कशाला लागतं, हुशार बायका येतातच की पुढे, मृणालताई गोरे १९६१ ला आल्याच ना पालिकेत, तेव्हा कुठे होतं आरक्षण? मी म्हटलं काका, एवढ्या वर्षांतलं तुम्हाला एक नाव आठवलं. आणि विधानसभेत बघा ना, २०२३ ला कायदा झाला तरी आरक्षण अजून लागू नाही, तिकडे २०२४ ला २८८ मधे बायका आल्या २१. बाकीच्या हुशार बायका काय लोकलमधे अडकल्या होत्या का? काका बिस्कीट बुडवत बसले.

तीनच्या सुमारास आमचे नेहमीचे भाऊ आले. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तयारच होता, भावी नगरसेवक असं सोनेरी अक्षरात. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वॉर्ड महिला झाला." घरात कोणाचा रिपोर्ट वाईट आल्यासारखा आवाज. मग दोन मिनिटांनी, "वहिनीचा फोटो पाठवतो, माझ्या जागी तो टाक, बाकी सगळं तेच ठेव."

तेच म्हणजे 'तरुणांचं आशास्थान, दांडगा जनसंपर्क'. म्हटलं भाऊ हे कसं ठेवू? "मग समाजसेविका टाक."

फोटो आला तो कुठल्यातरी हळदीतला, पिवळी साडी, आणि खांद्यावर भाऊंचा हात. सिंगल नाहीये का विचारलं तर गॅलरी वरखाली करत बसले, मोर्चातले, हंडीतले, साहेबांबरोबरचे, जिममधले पण, बायकोचा एकटीचा एकही नाही. मग मी बसले कापत. केस सोपे असतात, हात फार छळतो. बोटं काढली तर खांद्याला चार खड्डे पडले, मग दुसऱ्या खांद्यावरचा पदर कॉपी केला, उलटा केला आणि तिथे ठिगळ लावलं.

नाव काय टाकू विचारलं, कारण फॉर्मला मतदार यादीतलंच लागतं. भाऊंना नक्की माहीत नव्हतं. फोन लावला, स्पीकरवर, "तुझं यादीत नाव काय आहे गं, माहेरचं की आपलं?"

"कशाला हवंय?"

"तू उभी राहतेयस."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांचं पोळीभाजीचं आहे, शंभरेक डबे जातात रोज. मग म्हणाल्या, "हे मला दुकानातून सांगताय?" आणि फोन कट. भाऊ माझ्याकडे बघून हसले, मी स्क्रीनकडे बघितलं, काय करणार.

रात्री आठला वहिनी स्वतः आल्या, मनगटाला पीठ तसंच. स्क्रीनजवळ वाकून बघितलं. खांद्याच्या कडेला बोट ठेवून, "हे काय चमकतंय?" झूम केलं तर भाऊंच्या अंगठीचा कोपरा राहिलेला, पिवळ्या साडीत मला दिसलाच नव्हता. "काढ ते."

मग म्हणाल्या नंबर माझा टाक, यांचा नको, लोक नळाला पाणी नाही म्हणून फोन करणार आणि हे उचलणार नाहीत. समाजसेविका खोड. मग उभ्याउभ्याच सांगायला लागल्या, आमच्या मागच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं, पाऊण तासच, वरच्या मजल्याला तेवढंही नाही, संडासाला कडी नाही, मुली जोडीने जातात, एक बाहेर उभी राहते. हे लिहिता येईल का यावर? मी टाईप करत गेले. फ्लेक्सवर एवढं मॅटर कोणी लावत नाही, लांबून वाचताच येत नाही, पण मी काही बोलले नाही. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन, "मॅटर उडव, आणि खाली माझा गोल फोटो टाक, जरा मोठा."

एवढं करून तिकीट मिळालं नाही. डिसेंबरअखेर ते तिसऱ्याच कोणाच्या तरी सुनेला गेलं, तिचा फ्लेक्स पण आमच्याकडेच, तिचं तर मी तोंडही बघितलं नाही, सासऱ्यांनीच सगळं फायनल केलं. आणि पुढच्या वेळी सोडतीत हाच वॉर्ड ओपन झाला की भाऊ परत सोनेरी अक्षरात.

वहिनी फेब्रुवारीत आल्या होत्या, पोळीभाजी केंद्राचा बोर्ड करायला, चार बाय तीन. फोटो तोच वापर म्हणाल्या, नंबर त्यांचा, नावाआधी सौ. नको. पैसे रोख दिले. प्रिंटला टाकताना बघितलं तर फाईलचं नाव अजून 'भाऊ बर्थडे फायनल २'.