करवंटीचा कोळसा आणि तांबडं पाणी : आमची वाटचाल

मी मुळात पंपवाला. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात बोअरमधले सबमर्सिबल पंप वर काढून दुरुस्त करणं हाच पोटापाण्याचा धंदा होता. पंप वर आला की जाळीवर तांबडा, बुळबुळीत थर बसलेला असायचा. तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा, इम्पेलर (पाणी ढकलणाऱ्या आतल्या चकत्या) धुवायचे, पैसे घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बोअरवर जायचं. पिंगुळीच्या एका काकींनी एकदा चहा पुढे करत विचारलं, "पंप धुतंस तसा पाणी धुवूक येता काय रे तुका?" चहा शाईसारखा काळपट होता. तो प्यायलो आणि हो म्हणून बसलो. येत काहीच नव्हतं.

आपला जांभा म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे लोखंड साखरेसारखं विरघळून राहतं. ग्लासात काढलेलं पाणी आरशासारखं दिसतं. अर्ध्या-पाऊण तासाने हवा लागून ते पिवळट होतं आणि सकाळपर्यंत तळाशी तांबडा गाळ बसतो. चहातल्या टॅनिनला लोखंड भेटलं की चहा काळा पडतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात लोखंडाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. काकींच्या बोअरला 7 निघालं.

पहिला फिल्टर मी घरामागे बनवला. पत्र्याच्या पिंपात करवंट्या कोंडून जाळल्या, कोळसा कुटला, चाळला. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये खाली खडी, मग वाळू, वर कोळसा. आठ दिवस पाणी बरं आलं आणि नवव्या दिवशी पुन्हा तांबडं. मला वाटलं कोळसा कमी पडला, म्हणून आणखी भरला. आता हसू येतं. त्या आठ दिवसांत कोळशाने लोखंड धरलं नव्हतंच. हवेने आधीच गाळ झालेलं जे होतं ते वाळूत अडकत होतं, आणि वाळू धुवायची सोय मी ठेवलीच नव्हती.

मग तमिळनाडूतून ॲक्टिव्हेटेड कार्बन मागवला. करवंटीचा कोळसा 800 ते 1000 अंशांवर वाफेत तापवला की आतून पोखरला जातो आणि त्याला बारीक बारीक छिद्रं पडतात. चांगल्या मालाच्या एका ग्रॅमला आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर कोळशाचा सातबारा काढला तर दहा गुंठे. पोतं उघडून पाण्यात ओतला की तो सुरसुरतो, बुडबुडे सोडतो आणि हट्टाने वर तरंगतो. एक दिवस भिजत ठेवल्याशिवाय वेसलमध्ये, म्हणजे फिल्टरच्या उभ्या टाकीत, भरायचा नाही, हे आम्ही काळ्या पाण्याने भिजलेल्या दोन शर्टांच्या मोबदल्यात शिकलो.

पण ते दहा गुंठे कोणासाठी? वास, रंग, क्लोरीन, कीटकनाशकांसारखी सेंद्रिय द्रव्यं यांच्यासाठी. ती मंडळी तिथे मस्त बिऱ्हाड करतात. विरघळलेलं लोखंड मात्र साध्या कार्बनवरून सरळ पुढे निघून जातं. शिशासारखे काही धातू कार्बन थोडाफार धरतो, तेही पृष्ठभागावर प्रक्रिया केलेला असेल तर. "कोळशाने सगळे धातू निघतात" असं सांगून फिल्टर विकणारे आजही आहेत. पहिलं वर्षभर मीही त्यातलाच होतो.

मालवणजवळच्या एका होमस्टेला आम्ही दहा-चोपन्नची (दहा इंच रुंद, चोपन्न इंच उंच) वेसल, त्यात पूर्ण कार्बन, वर पाण्याची दिशा बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह अशी ऐटीत बसवून दिली. तीन आठवड्यांत फोन आला: पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास, पाहुणे आंघोळ करायला तयार नाहीत. वेसल उघडली तर कार्बनच्या दाण्यांना शेवाळासारखा तांबूस चिकट लेप. लोखंडावर जगणारे जिवाणू असतात, त्यांनी वस्ती केली होती, आणि त्यांच्या साथीने वास सोडणारेही आले होते. मालकांचे सगळे पैसे परत दिले. घरी बायको म्हणाली, "हिशेबात हे कुठे लिहू, नुकसान की फी?" तिने ते फी म्हणूनच लिहिलं. ती वही अजून आहे.

त्यानंतर आम्ही कार्बन रांगेत सगळ्यात मागे नेला. आधी पाणी भोकं पाडलेल्या ट्रेंवरून पावसासारखं खाली सोडायचं. कोकणातल्या पुष्कळ बोअरचं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लतेचा आकडा, 7च्या खाली म्हणजे आम्ल) 6च्या आसपास. ट्रेवरून पडताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच थोडा चढतो. हे 'थोडं' फार महत्त्वाचं. पीएच एका अंकाने वाढला की लोखंडाचा गाळ होण्याचा वेग साधारण शंभरपट होतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर संगमरवराच्या चिप्सचा थर द्यायचा. चिप्सवर गंज चढतो, म्हणून त्या महिन्याकाठी ढवळून धुवायच्या. मग टाकीत पाणी थांबवायचं, मग मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेली वाळू, आणि शेवटी कार्बन, चव नि वासापुरता. बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून थर धुणं, रोज, दहा मिनिटं. काकींकडे हीच मांडणी आहे. चहा आता चहासारखा दिसतो. त्यांची तक्रार एवढीच की बॅकवॉशचं तांबडं पाणी अंगणात जातं आणि अबोलीच्या आळ्यात थर साचतो.

नमुन्याच्या बाटलीची गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीला आम्ही रिकाम्या मिनरल वॉटरच्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवायचो. रिपोर्टमध्ये लोखंड जेमतेम 0.4, आणि इकडे ग्राहकाची बादली तांबडी. वाटेत लोखंड गाळ होऊन बाटलीच्या तळाला नि भिंतीला चिकटायचं, आणि तपासलं जायचं वरचं निवळ पाणी. धातूंसाठीचा नमुना घेताना त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे असतात, म्हणजे धातू विरघळलेलाच राहतो. हे सांगायला कुणाला सुचलं नव्हतं, आम्हाला विचारायला सुचलं नव्हतं. आता स्कूटरच्या डिकीत आम्लाची छोटी बाटली आणि लोखंड असलं की पाणी लाल करणारं थायोसायनेटचं किट कायम असतं. पाणी किटमध्ये लाल होताना ग्राहकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

सध्या एमआयडीसीत पत्र्याची शेड आहे, आम्ही धरून पाच माणसं. धंद्याचा हंगाम म्हणाल तर गणपती. वर्षभर बंद घरातली बोअर मुंबईकर येऊन सुरू करतात, पहिल्याच पाण्यात सोवळं पिवळं होतं आणि फोन वाजायला लागतो. त्या आठवड्यात नवीन फिल्टर विकायचा नाही, असा आमचा नियम आहे. पंप तासभर चालवून बघा म्हणतो. निम्म्या घरांत तेवढ्यानेच काम होतं.

आणि एक काम, जे अजून घेतलेलं नाही. गडचिरोलीला लागून छत्तीसगडचा अंबागड चौकीचा भाग आहे, तिथल्या भूजलात आर्सेनिक हे विष सापडतं. गडचिरोलीच्या एका गुरुजींचे नातेवाईक तिकडे राहतात, त्यांनी गुरुजींमार्फत विचारलं. आर्सेनिक ना दिसतं, ना वास येतो, ना चहा काळा करतं. साधा कार्बन त्याला फारसा धरत नाही. त्याला धरतं ते लोखंडच. कार्बन फेरिक क्लोराइड या लोखंडाच्या क्षारात भिजवून, कॉस्टिक सोडा घालून त्याच्या छिद्रांत गंज बसवायचा, मग त्या गंजावर आर्सेनिक चिकटतं. इतकी वर्षं ज्याला पाण्यातून हाकललं त्यालाच आम्ही शेडमध्ये कोळशावर चढवत बसलो. तो कोळसा काचेच्या नळ्यांत भरून चाचण्या केल्या. पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिका असली तर तीही त्याच जागेसाठी भांडतात, त्यामुळे नळी किती दिवस टिकेल हे गावागणिक बदलणार.

अडलो ते वेगळ्याच ठिकाणी. भरलेला कोळसा काढल्यावर टाकायचा कुठे? लोखंडाचा गाळ अंगणात गेला तर अबोली नाराज होते, एवढंच. आर्सेनिकने भरलेला कोळसा विहिरीकाठी ओतला तर आपणच ते पुन्हा जमिनीला दिलं. तो घातक कचरा आहे, परवाना असलेल्या केंद्राकडेच जायला हवा, आणि गावातून तो उचलायचा कोणी, खर्च कोणाचा, हे लिहून मिळाल्याशिवाय एकही डबा देणार नाही, असं मी कळवलं. गुरुजी चिडले. "पाणी पिणारी माणसं थांबत नाहीत हो," म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर बोअर सोडून तपासलेल्या उघड्या विहिरीचं पाणी वापरा, एवढंच सुचवलं. गेल्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला, ग्रामपंचायतीत विषय घेतलाय म्हणाले. नळ्या शेडमध्ये खिडकीजवळ उभ्या आहेत, कोळसा सुकू नये म्हणून शनिवारी त्यांत पाणी भरतो.