चेंडू दोन पिनांमधून निघून जातो: बॉस्टनचं कँडलपिन

बॉस्टनच्या रेड लाइनने एलवाइफकडे निघालं की हार्वर्ड, मग पोर्टर, मग डेव्हिस. डेव्हिसला उतरून जरा चाललं की सॅकोज बोल हेवन. 1939पासून इथे बोलिंगच्या लेन आहेत. आता त्याच छपराखाली लाकडाच्या भट्टीत पिझ्झाही भाजतात. मुलांकडे आलेली आपली मंडळी बहुधा हार्वर्ड बघून परत फिरतात. त्यांनी आणखी दोन स्टेशनं पुढे यावं असं मला मनापासून वाटतं, कारण न्यू इंग्लंड आणि कॅनडाचा पूर्व किनारा सोडला तर कँडलपिन हा बोलिंगचा प्रकार जवळजवळ कुठेच बघायला मिळत नाही.

लेन ओळखीची वाटते. फाउल लाइनपासून (चेंडू टाकताना ओलांडायची नाही ती रेघ) पहिली पिन 60 फुटांवर, दहा पिनांचा त्रिकोण, दोन पिनांच्या मध्यांत 12 इंच. म्हणजे मांडणी पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये असते तीच. फरक पिनेत आहे. नेहमीच्या टेनपिनची पिन 15 इंच उंच आणि पोटाशी पावणेपाच इंच रुंद असते. हे पोट जमिनीपासून साडेचार इंचांवर येतं आणि साडेआठ इंचांचा चेंडू जवळपास तिथेच टेकतो. कँडलपिनला पोट नावापुरतंच. उंची पावणेसोळा इंच, जाडी जास्तीत जास्त तीन इंचांना जेमतेम कमी, दोन्ही टोकं सारखी; कुठलंही टोक वर करून उभी करा.

आता हिशोब पाहा. टेनपिनमध्ये शेजारच्या दोन पिनांमधली फट सव्वासात इंच, चेंडू साडेआठचा. न शिवता जाणं अशक्य. कँडलपिनमध्ये फट नऊ इंचांच्या वर आणि चेंडू साडेचार इंचांचा, बोटांची भोकं नसलेला, तळहातात मावणारा. तो दोन पिनांमधून सरळ निघून जातो.

वजनाचंही तसंच. टेनपिनचा 16 पौंडांचा चेंडू पिनेच्या चौपटीहून जड असतो, त्यामुळे धडक देऊनही आपली वाट फारशी सोडत नाही. कँडलपिनमध्ये चेंडू आणि पिन दोन्ही जेमतेम अडीच पौंडांची. कॅरममध्ये स्ट्रायकर बाजूला ठेवून सोंगटीनेच सोंगटी मारावी, तसा चेंडू पहिल्याच टकरीत जोर घालवून बसतो.

हे घडलं कसं, त्यासाठी बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून पश्चिमेला वूस्टरची लोकल पकडावी. दीडेक तासाचा प्रवास. जर्मन आणि डच लोकांनी अमेरिकेत आणलेला खेळ नऊ पिनांचा होता, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडलेला. त्यावर जुगार बोकाळला आणि कनेटिकटने 1841मध्ये नाइनपिनवर बंदी घातली. कायदा चुकवायला दहावी पिन आली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण दहा पिनांचे उल्लेख त्याआधीचेही आहेत, त्यामुळे ती जशीच्या तशी मानू नये. एकसारखे नियम मात्र फार उशिरा आले. अमेरिकन बोलिंग काँग्रेसची स्थापना न्यूयॉर्कमध्ये 1895ची. तोवर ज्याची लेन त्याची पिन. त्याच मोकळ्या काळात, 1880मध्ये, वूस्टरच्या जस्टिन व्हाइट या लेनमालकाने ही सडपातळ पिन आणली. पुढे बाल्टिमोरकडे बुटक्या पिनेचं डकपिन रुजलं, तर टोरांटोत टॉमस रायनने 1909मध्ये पाचच पिना ठेवल्या. माझ्या मते यांत कँडलपिनच सर्वांत कठोर.

दर फेरीला तीन चेंडू मिळतात. दोन चेंडूंत सगळ्या पाडल्या तर स्पेअर, तिसऱ्यात पाडल्या तर नुसते दहा. पडलेल्या पिना मध्ये उचलत नाहीत. या ‘वुड’वर चेंडू आपटून उभ्या पिना पाडणं हाच खरा डाव, म्हणून दुसरा चेंडू टाकण्याआधी वुड कोणत्या कोनात पडलंय ते नीट बघावं. चेंडू हवेतून लांब फेकायचा नाही. फाउल लाइनपुढे 10 फुटांवर लॉब लाइन असते, त्याआधी तो लेनला टेकला पाहिजे.

नवखे लोक पहिल्या पिनेवर नाकासमोर मारतात. मग मधल्या दोन-तीन पडतात आणि दोन्ही बाजू तशाच उभ्या राहतात. पहिल्या पिनेच्या किंचित बाजूला मारावं. फारच बाजूला गेला तर 2 आणि 8, किंवा 3 आणि 9 क्रमांकाच्या, एवढ्याच दोन पिना पडतात. याला इथे ‘हाफ वूस्टर’ म्हणतात. डावात शंभर झाले तर चांगला खेळ समजावा. डावातले पूर्ण गुण, म्हणजे 300, आजवर कुणालाही जमलेले नाहीत. विक्रम 245चा: राल्फ सेम्ब, 1984, त्याची बरोबरी 2011मध्ये ख्रिस सार्जंटने केली.

टेनपिनमधलं यंत्र प्रत्येक चेंडूनंतर आपोआप झाडून घेतं. इथे रिसेटचं बटण खेळाडूच्या हाती असतं. ते तिसरा चेंडू खाली गेल्यावर दाबा, मधे दाबलंत तर वुड वाहून जातं. आणि पिना मांडून यंत्र पूर्ण वर जाईपर्यंत पुढचा चेंडू हातातच ठेवा.