आमची वाटचाल : बंबापासून नळापर्यंत

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागलं की रस्त्यालगत आमचं घर. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास पठारही आलं, आणि सप्टेंबरात फुलं बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आम्ही घरामागच्या दोन खोल्या नीट करून मुक्कामाला देऊ लागलो. आज सहा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वाडीवरची सात माणसं एवढा पसारा आहे. खोल्या कशा वाढल्या, कर्ज कसं फिटलं, हे सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते ही सात माणसं धडधाकट राहावीत म्हणून काय काय बदललं ते.

सुरुवातीला आंघोळीचं पाणी बंबावर तापायचं. पाहुण्यांना सकाळी पठार गाठायची घाई, आणि कढत पाण्याची बादली घेऊन काकू जांभ्याच्या पायऱ्यांवरून वरच्या खोल्यांकडं. पावसाळ्यात इथं पायरीवर शेवाळ धरतं. आज घासलं तरी चार दिवसांत पुन्हा हिरवं. एका सकाळी काकूंचा पाय सरकला आणि पोटरीवर पाणी सांडलं. लगेच गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटं पाय धरला, हळद-टूथपेस्ट काही लावू दिलं नाही आणि दवाखान्यात नेलं. बऱ्या होऊन कामावर आल्या तेव्हा मी म्हटलं, “काकू, जपून हं.” त्या म्हणाल्या, “आवं दादा, बादलीकडं बघू का पायाकडं?”

त्यांचं खरं होतं. दोन्ही हात गुंतलेल्या माणसानं जपायचं म्हणजे काय करायचं? बादलीच नको, हे त्याचं उत्तर. छतावर सोलर बसवला आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा नळ दिला. धुक्यात सोलर तापत नाही, म्हणून टाकीत विजेची कॉइल आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच. भार वाढला की पडणारी एमसीबी वायर वाचवते. ओल्या हातानं बटण दाबणारं माणूस वाचतं ते आरसीसीबीमुळं. नवीन खोल्या काढणाऱ्यांनी फर्निचरआधी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. पायऱ्या छिन्नीनं ठोकून खडबडीत करून घेतल्या आणि एका बाजूला कठडा बसवला.

तेव्हापासून कुठलंही काम मी याच नजरेनं बघतो. मटणाच्या रश्श्याचं मोठं पातेलं आता चुलीवरून उचलतच नाही, डावानं छोट्या भांड्यात काढून वाढायला नेतो. भिंतीला चिकटलेले पलंग हातभर पुढं ओढले, म्हणजे चादर खोचताना गादीवर ओणवं पडून कंबर धरायला नको. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. म्हणून अ‍ॅसिड आणणंच बंद केलं. सरपणाचा ढीग घरापासून लांब नेऊन जमिनीपासून वर फळ्यांवर रचला; लाकडं काढायची ती उजेडात, गमबूट घालून आणि आधी काठीनं हलवून. फुरसं असो की घोणस, साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, १०८ ला फोन करून थेट साताऱ्याच्या सिव्हिलला, हे आमच्याकडं नवीन पोरालाही पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

सगळ्यात अवघड गेलं ते घड्याळ बदलणं. अकराला खोली रिकामी आणि बाराला नवे पाहुणे, या एका तासात सगळी धावपळ व्हायची. ओल्या फरशीवरून पळणं, दोघांचं ओझं एकानं उचलणं, सगळं याच तासात. आता दहाला खोली सोडायची आणि एकला ताबा. काही पाहुणे कुरकुरतात. त्यांना पडवीत बसवून चहा-पोहे देतो, पण खोली एकच्या आत उघडत नाही.

माणसं दहापेक्षा कमी, म्हणून ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, आम्हाला लागू नाही. त्यामुळं कामगार भरपाई विमा काढलाय, आणि फुलांच्या हंगामापुरत्या येणाऱ्या पोरींची नावंही त्यात घालतो.

भांडी घासायची जागा मात्र अजून तीच आहे. मावश्या मोरीत उकिडव्या बसून घासतात आणि उठताना गुडघ्यावर हात टेकतात. कमरेइतका ओटा, खोल सिंक आणि वर पत्रा असं ठरलंय. उंची किती ठेवायची ते मावश्यांनीच भिंतीवर कोळशानं खूण करून दिलंय. दिवाळीनंतर गवंडी येतोय.