जुनापाणीचे गोटे आणि एक दाढ

वरूडहून काटोलमार्गे नागपूरला मी गेली वीस वर्षं जातोय. कधी दवाखान्याचं सामान आणायला, कधी लग्नाला, कधी नुसतंच कंटाळा आला म्हणून. नागपूर दहा-बारा किलोमीटरवर आलं की माझं सगळं लक्ष तर्री-पोह्यांत असतं. त्यामुळे रस्ता सोडून जरा आत गेलं की कुणीतरी गोल मांडून ठेवलेले शेकडो गोटे आहेत, हे मला यंदाच्या होळीपर्यंत ठाऊक नव्हतं. मामेभावाचा फोन आला तेव्हा कळलं.

तो पुरातत्त्वात पीएचडी करतोय. म्हणाला, "दादा, दातांवर एक प्रकरण लिहितोय. पुस्तकं सगळी वाचली, पण तू एकदा येऊन बघ. तुझे पेशंट बोलतात तरी."

मी म्हटलं, "तोंडात माझा हात असताना कोणी बोलत नाही रे." पण गेलो.

त्याच्या खोलीत लोखंडी रॅक, रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये कापूस आणि कापसावर हाडं. प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईनं बारीक नंबर. मला वाटलं होतं, सिनेमात दिसतो तसा आख्खा सापळा टेबलावर निजवलेला असेल. तसं काही नाही. फुटक्या मडक्याच्या खापरांसारखे तुकडे. त्यानं खालच्या जबड्याचा एक डावा अर्धा माझ्या हातात दिला. विदर्भातल्या एका शिलावर्तुळातला, म्हणजे गोल मांडलेल्या गोट्यांच्या थडग्यातला, जुन्या उत्खननातला. वय साधारण अडीच हजार वर्षं.

हातात घेतल्यावर माझा धंदा आपोआप सुरू झाला. तीन दाढा जागेवर. पहिली इतकी झिजलेली की वरचे उंचवटे सपाट, आतलं पिवळसर दंतिन उघडं. दुसरी त्याहून कमी. तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, जवळजवळ कोरी. यात गणित सोपं आहे. पहिली दाढ सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या, तिसरी अठराच्या आसपास. म्हणजे पहिलीनं दुसरीपेक्षा सहा वर्षं जास्त दळलंय. अक्कलदाढ येऊन फार दिवस झालेले नसावेत. "पंचविशीच्या आत-बाहेर," मी म्हटलं. भावानं वही काढून दाखवली, त्यानंही तेच लिहिलं होतं. दोघांनाही उगाच बरं वाटलं.

पण पंचविशीत एवढी झीज? आमच्या ओपीडीत एवढी झिजलेली दाढ पन्नाशीच्या माणसाची दिसते. भाऊ म्हणाला, दगडी पाट्यावर दळलं की पिठात दगडाची कचही येते. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडच्या खोदकामात धान्याचे जळके दाणे मिळालेत, म्हणजे ही माणसं पेरत होती, दळत होती, कच खात होती.

मग त्यानं भिंग दिलं आणि सुळा बघायला सांगितला. सुळ्याच्या मधोमध आडवी, नखानं ओढल्यासारखी रेघ. ही रेघ मला भिंगाशिवायही ओळखू येते. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असताना पोर जबर आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की एनॅमलचं काम तेवढे दिवस थांबतं आणि कायमची खाच राहते. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत असतं, एनॅमल एकदा झालं की झालं. सुळ्यावर या उंचीला रेघ म्हणजे वय तीन-चार वर्षांचं. अंगावरचं दूध सुटल्यानंतरचे ते दिवस. त्या पोरानं तो पावसाळा काढला आणि पुढं वीस वर्षं जगलं.

"बाई की माणूस?" मी विचारलं.

"कंबरेचं हाड असतं तर सांगितलं असतं." बाईच्या ओटीपोटाचं हाड रुंद असतं, खालची खाच पसरट असते, त्यावरून खात्रीनं कळतं. इथं ते हाडच नाही. त्याला कारण आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर्षानुवर्षं हा दाब झेलून पातळ हाडांचा भुगा होतो. शिवाय या लोकांत पुष्कळदा प्रेत आधी दुसरीकडं ठेवून नंतर मोजकीच हाडं आणून पुरत. काही वर्तुळांत तर एकही हाड मिळत नाही. दात मात्र टिकतात, त्यांच्या नशिबानं आणि भावाच्या.

डीएनएचं मी विचारलंच. आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर महिन्याला एकदा तरी त्यावरून भांडण पेटतं, मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण. भाऊ वैतागला. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या साठेक नमुन्यांतून एका बाईचा कामापुरता डीएनए निघाला, आणि २०१९ मध्ये तो छापून आला. तोही कानाच्या आतल्या दगडासारख्या टणक हाडातून. आपल्या उन्हात डीएनए टिकणं कठीण. "आणि मला तो प्रश्नच नको, दादा. शंभर वर्षांपूर्वी लोक कवट्या मोजून वंश ठरवायचे, त्यातून काय निघालं? कवटीला जात विचारायची नाही, ताप विचारायचा."

दुपारी त्याला गाडीत घालून जुनापाणीला निघालो. रस्त्यात त्यानं हिस्लॉपची गोष्ट सांगितली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्याच्यावरून आलं, तो पाद्री स्टीफन हिस्लॉप. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची अशीच वर्तुळं बघायला रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्यासोबत गेला होता. परतताना नाल्याला पूर आलेला, त्यात बुडून मेला. मी कॉलेजच्या गेटसमोर शेकडो वेळा चहा प्यालोय, हे कधी ऐकलं नव्हतं. नंतर रिव्हेट-कार्नाक या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची वर्तुळं उकरली. पुढं पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठाकडून टाकळघाट-खापा आणि माहुरझरी, आणि नंतर नैकुंड नीट खोदलं, तेव्हा कुठं हे लोक कोण होते ते दिसायला लागलं. लोखंड गाळणारे, घोडे पाळणारे. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने मिळाले. इथून ते गाव जवळच. पावसाळ्यानंतर तिथल्या वावरात अजूनही अकीकाचे मणी सापडतात म्हणे. मला तिथं जायचं होतं, वेळ पुरला नाही.

जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळं आहेत. पहिल्या नजरेला काहीच वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मुरमाड माळ, पळस पेटल्यासारखा फुललेला, बकऱ्या, आणि गोटे. एक वर्तुळ पावलांनी मोजलं, आरपार अठरा पावलं भरलं. मग भावानं एका गोट्यावरची धूळ हातानं झटकली. खाली वाटीसारखे खळगे, ओळीनं कोरलेले. बोट घातलं तर पहिलं पेर बुडालं. काळा बेसाल्ट फोडायला मशीन लागते हो आज. कुणीतरी बसून, ठोकून ठोकून ते केलं होतं, आणि आत पुरलेल्या माणसाला ते दिसणारही नव्हतं.

बकऱ्यांचा मालक येऊन उकिडवा बसला. सत्तरीचा असेल. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत म्हणाला, "मोजमाप करून राह्यले का जी? सरकारी आहा?"

भावानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, हे गवळ्यांचे गोटे, आमचा आजा सांगे. मग विचारलं, "अन् हाडं निंगाली का त्याइची?"

"निघाली काही. नागपुरात ठेवलीत."

"पाह्यून झालं का वापस ठेवता?"

भाऊ म्हणाला, "नाही बाबाजी. डब्यात, नंबर टाकून. पुढच्या पोरांना अभ्यासाला लागतात."

म्हातारा काही वेळ बकऱ्यांकडं बघत राहिला. "आमी गोंड. आमच्यात मातीच देतात. उकरलं त नाई चालत." रागानं नव्हे, माहिती द्यावी तसं.

परत गाडीकडं जाताना भावानं केनेविकची हकीकत सांगितली. अमेरिकेत १९९६ मध्ये नदीकाठी एक सापळा मिळाला, साडेआठ हजार वर्षांहून जुना. तिथले आदिवासी म्हणाले आमचा पूर्वज, द्या. शास्त्रज्ञ म्हणाले, तुमचा कशावरून? कोर्टात वर्षं गेली. शेवटी २०१५ मध्ये डीएनएनंच आदिवासींची बाजू खरी ठरवली, आणि २०१७ मध्ये त्यांनी त्याला पुन्हा मातीत ठेवलं. "आपल्याकडं मागायला कोण येणार?" तो म्हणाला. "हे गवळ्यांचे म्हणतात, आपण महापाषाणयुगीन म्हणतो. दोन्ही म्हणजे आपले नाहीत."

मी काही बोललो नाही. त्या सुळ्यावरची रेघ मलाही बघायला मिळाली नसती, डबा नसता तर.

मागून हाक आली. "डॉक्टर साहेब, दाताचे आहा ना? आले त माही दाढ पाह्यून घ्या."

गोट्यावर बसवून, मोबाइलच्या बॅटरीत पाहिली. डावी, खालची, पहिली. सपाट, मधोमध पिवळी, सकाळी पाहिलेल्या दाढेची सख्खी बहीण. फक्त इथं पाट्याची कच नव्हती, चाळीस वर्षांची सुपारी होती. हलत नव्हती, किडली नव्हती.

"काढा लागते का जी?"

"नाही, चांगली आहे. खर्रा तेवढा सोडा."

खर्ऱ्याचं त्यानं ऐकलंच नाही. तोंड मिटलं, काठी उचलली. "मंग राहू द्या," म्हणाला, "जिथल्या तिथं."