कार्नाक: दगडांच्या रांगांमधून रमतगमत

फ्रान्समध्ये पायी फिरायला जातो म्हटलं की घरचे लगेच आल्प्सचं नाव काढतात. गुडघे कुरकुरत असतील तर त्यापेक्षा ब्रिटनीतलं कार्नाक गाठावं. पॅरिसहून रेल्वेनं ओरे, तिथून बस. पुढे चढ जवळपास नाहीच.

दगडांच्या तीन मोठ्या समूहांपैकी ल मेनेकपासून चालायला लागलं की ११ रांगांमध्ये हजारावर दगड उभे दिसतात. पश्चिमेच्या टोकाला ते माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि पूर्वेकडे जावं तसे ठेंगणे होत गुडघ्याशी येतात. संपले वाटतंय तोवर केर्मारियोला पुन्हा धिप्पाड दगड, मग केर्लेस्कान. ही चढती-उतरती उंची पायी चालतानाच कळते, गाडीतून नाही. सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास दगड, नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी धातूच्या अवजारांविना उभारलेले. पडलेले बरेच दगड नंतर पुन्हा उभे केलेत.

कशासाठी उभारले, याचं नक्की उत्तर नाही. गावकऱ्यांकडे मात्र आहे: पाठलाग करणाऱ्या रोमन सैनिकांना संत कोर्नेलीनं दगड करून टाकलं! हा संत गुराढोरांचा राखणदार, म्हणून गावातल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्याच्या दोन्ही बाजूंना बैल आहेत.

जाता जाता एक गंमत. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं एकोणिसाव्या शतकात खणणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं आडनाव होतं रिव्हेट-कार्नाक. ती वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे इथल्यापेक्षा हजारो वर्षांनी अलीकडची.

मला सगळ्यात आवडला तो रांगेबाहेरचा, रानातला मानियोचा राक्षस. साडेसहा मीटर उंचीचा हा एकटा दगड झाडांमधून अचानक समोर येतो. गावाजवळ सेंट मिशेलचा टेकाडाएवढा दफन-ढिगारा आहे, वर चर्च बांधलेला. त्याच्या पोटात जेड या हिरवट दगडाच्या घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी सापडल्या. कुऱ्हाडींचा हा दगड थेट आल्प्समधून आलेला, म्हणजे आल्प्स इथेही सुटत नाही.

शक्यतो ऑक्टोबर ते मार्चमध्ये या. तेव्हा दगडांमधून मोकळं हिंडता येतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये मात्र कुंपणाआत गाईडबरोबरच जाऊ देतात, कारण गर्दीच्या पायांनी माती झिजून दगडांचे पायथे उघडे पडायला लागले होते. वारा बोचरा असतो, कानटोपी हवीच. जेवायला कुट्टूच्या पिठाचा गालेत (धिरड्यासारखा पदार्थ) घ्या, पण शाकाहारी असाल तर त्यातला ‘कोंप्लेत’ प्रकार मागवू नका, त्यात हॅम असतं.