महूच्या घाटातली सावलीची भिंत

इंदूरहून पहाटे निघालं की महू ओलांडून ऊन वर यायच्या आत घाटाच्या कडेला पोचता येतं. माळव्याचं पठार इथं संपून चोरल नदीच्या खोऱ्यात उतरतं. आमच्या घळीतला कातळ उत्तरमुखी आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४४ अंशांवर असतो, त्यामुळे भिंतीला दिवसभर ऊन लागत नाही. चढणाऱ्याला हे सुखाचं: बोटांना घाम नाही, बुटाचं रबर घट्ट धरतं. चढणाऱ्याचा दोर अडकवण्यासाठी कातळात बोल्ट बसवणाऱ्याला मात्र ही सावली, तिच्या ओलीमुळे आणि गारठ्यामुळे, महाग पडते.

म्हणून पहिली खेप नुसती पाहायची. पावसाळा सरला तरी बसाल्टच्या भेगांतून पाणी झिरपत राहतं. शेवाळाचा काळा-हिरवा पट्टा दिसला की ती रेघ, म्हणजे चढाईची ती वाट, सोडावी. छताखाली आग्या मधमाश्यांचं पोळं असेल तर तिथं ड्रिल नेऊच नये. वनखात्याची परवानगी त्याआधीच घ्यायची.

मग वर अँकर (दोराचा पक्का आधार) लावून स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या दोरावर उतरायचं आणि हातोडीने इंच इंच वाजवत यायचं. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आला तर आत पोकळी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लालसर, मातकट थर सापडतो. त्यात बोल्ट कधीच नको. सुटे दगड पहारीने पाडताना खाली माणूस नसावा. शेवाळ नायलॉनच्या ब्रशने काढावं, कारण तारेच्या ब्रशने पकड गुळगुळीत होते.

बोल्टच्या जागा ठरवायची घाई नको. आधी वरून बिले (साथीदाराने सांभाळलेला दोर) घेऊन रूट तीन-चारदा चढावा आणि गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाला जिथून क्लिप करता, म्हणजे बोल्टला दोर अडकवता येईल तिथं खडूची खूण करावी. पहिला बोल्ट अडीच-तीन मीटरवर. दुसरा क्लिप करताना हात सुटला, तरी पाय जमिनीला लागता कामा नयेत.

आम्ही १२ मिमीचे, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे एक्सपान्शन बोल्ट (नट आवळला की पाचरीने भोकात फाकून घट्ट बसणारे) वापरतो, हँगरही (दोर अडकवायची बोल्टवरची पट्टी) त्याच धातूचा. धातू मिसळले की ओलीत गंज लवकर चढतो. भोक दगडाला काटकोनात आणि बोल्टच्या लांबीपेक्षा खोल. इथली खरी डोकेदुखी म्हणजे ओली भुकटी. तिचा लगदा भोकाच्या भिंतीला चिकटतो, बोल्टची पाचर घसरते आणि नट आवळताना अख्खा बोल्ट फिरू लागतो. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, असं किमान तीनदा करावं. तरीही फिरला तर तो ठोकून आत घालावा, तोंड इपॉक्सीने बुजवावं आणि दुसरं भोक वीतभर लांब, धडधाकट दगडात पाडावं. नट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचा, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत. जास्त आवळला तर बोल्टवर आधीच ताण बसतो.

ग्लू-इन, म्हणजे इपॉक्सीने चिकटवायचे बोल्ट थंडीत आणखी वेळ खातात. पंचवीस अंशांच्या तापमानात काही तासांत धरणारं इपॉक्सी दहा अंशांवर दिवसभरही घेऊ शकतं. ट्यूबवरचा तक्ता हवेच्या नव्हे, दगडाच्या तापमानाला लावून वाचायचा. ड्रिलची बॅटरीही गारठ्यात लवकर बसते, ती जॅकेटच्या आत ठेवावी.